हवेचा जमाखर्च



रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही मुलांचा हिशेब आणि गणित घेतो. मध्यंतरी अकरावी सायन्सला गेलेल्या एका मुलीने आम्हाला पेचात टाकले. ती म्हणाली, "काका, लढाऊ विमानाचा आकार आधी कम्प्युटरवर ठरवतात म्हणे. पण कम्प्युटरला हवा कशी कळते? हवा तर डोळ्यांनाही दिसत नाही!"

आम्ही पडलो बी. कॉम. वीस वर्षे कचेरीत खतावण्या लिहिण्यात गेली. विमान आम्ही पाहिले ते गच्चीवरून. त्या दिवशी उत्तर देता आले नाही. "वाचून सांगतो" एवढेच म्हणालो. त्या मुलीला पहिल्या चाचणीत गणितात फार कमी गुण पडले होते. तिचे वडील रिक्षा चालवतात. "झेपत नाही तर आर्ट्सला टाकू" असे घरात बोलणे चालू होते, ही गोष्ट आम्हाला नंतर कळली.

आम्ही वाचू लागलो आणि चकित झालो. ज्या शास्त्राचे इंग्रजी नाव 'कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स', थोडक्यात सी.एफ.डी., ते मुळात आमच्याच धंद्याचे निघाले. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती!

खण आणि खाती

हवेला वजन नसते असे आपण समजतो. प्रत्यक्षात दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीतली हवा सुमारे ३४ किलो भरते. विमान अशा वजनदार हवेतून ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जाते, तेव्हा हवा बाजूला सरते, दबते, पसरते आणि उलटून विमानाला रेटते. याच रेट्यावर विमान तरंगते. आपले भारतीय 'तेजस' विमान पूर्ण भाराने सुमारे साडेतेरा टन वजनाचे, आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरला साडेतीनशे किलोचा भार हवेने उचलायचा!

आता हिशेब कसा करतात ते पाहू. आकाशाचा एक मोठा तुकडा मनाने घ्यायचा आणि मधोमध विमान ठेवायचे. मग त्या तुकड्याचे लहान लहान खण पाडायचे. विमानापासून दूर मोठे खण आणि विमानाच्या पत्र्यालगत कागदाच्या जाडीहूनही पातळ खण. आजकाल एका विमानासाठी असे कोट्यवधी खण पाडतात. प्रत्येक खणाचे एक खाते. त्यात मुख्य रकमा तीनच: हवा किती, तिचा वेगासह रेटा किती आणि ऊर्जा किती.

शेजारच्या खणातून जे आले ते जमा. पलीकडच्या खणात जे गेले ते खर्च. एका खणाचा खर्च तीच दुसऱ्या खणाची जमा. ही तर आमची दुहेरी नोंदपद्धती! हवा शून्यातून निर्माण होत नाही आणि वाटेत गहाळही होत नाही, म्हणून हिशेब जुळलाच पाहिजे. सुरुवातीला सर्व खात्यांत अंदाजाचे आकडे भरतात. ते अर्थात जुळत नाहीत. कम्प्युटर सर्व खाती पुन्हा पुन्हा तपासून आकडे सुधारत जातो. अशा शेकडो, कधी हजारो फेऱ्या होतात. फरक नगण्य झाला की पत्र्याला लागून असलेल्या खणांतला दाब आणि घर्षण मोजायचे. त्यांची बेरीज केली की विमानाला किती उचल मिळेल आणि हवा किती मागे ओढील, हे कळते.

या हिशेबाचे नियम जुनेच आहेत. फ्रान्सचे नाविये यांनी १८२२ मध्ये आणि ब्रिटनचे स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ते समीकरणांत मांडले. अडचण एवढीच, की अख्ख्या विमानासाठी ती समीकरणे कागदावर सुटत नाहीत. खाती असंख्य आणि कारकून एक, अशी गत!

ज्याने लष्कराची नोकरी सोडली

खण पाडून हवेचा हिशेब करण्याचा पहिला मोठा प्रयत्न लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थांनी केला. तो विमानासाठी नव्हता, हवामानाच्या अंदाजासाठी होता. पहिल्या महायुद्धात ते शस्त्र हाती घेण्यास नकार देऊन फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत होते. त्या धामधुमीत त्यांनी युरोपवरच्या आकाशाचे खण पाडून सहा तासांच्या हवामानाचे गणित हाताने केले. उत्तर साफ चुकले. पण १९२२ साली आपल्या पुस्तकात त्यांनी ते चुकलेले उत्तर प्रामाणिकपणे छापले. त्याच पुस्तकात त्यांनी एका मोठ्या सभागृहाचे चित्र रंगवले. तिथे ६४ हजार माणसे बसून एकाच वेळी आपापल्या खणाचा हिशेब करीत आहेत!

त्यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९२० साली ब्रिटनचे हवामान खाते विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेले, तेव्हा युद्धाला साहाय्य नको म्हणून रिचर्डसन यांनी नोकरी सोडली. पुढे युद्धे का होतात याचाच त्यांनी गणिताने अभ्यास केला. आज जगातली लढाऊ विमाने ज्या पद्धतीने आखली जातात, तिचा एक मूळपुरुष असा युद्धविरोधी होता.

वेगळ्या टेबलावरच्या हिशेबनीस

६४ हजारांचे ते सभागृह कधी उभे राहिले नाही. पण हाताने हिशेब करणाऱ्यांचे एक दालन खरोखरच होते, आणि तिथे विमानांचेच काम चाले. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात लँग्ली येथे सरकारी विमान-संशोधन केंद्र आहे. तिथे मोठाले वातबोगदे होते. बोगद्यात विमानाची लहान प्रतिकृती बसवायची, जोराचा वारा सोडायचा आणि जागोजागचा दाब मोजायचा. त्या मोजमापांचे आकडे ढिगाने निघत. ते सोडवायला १९३५ पासून स्त्रियांची नेमणूक होऊ लागली. त्यांच्या हुद्द्याचे नावच 'कॉम्प्युटर' होते! यंत्राला ते नाव नंतर मिळाले.

कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र हे दार बंद होते. कृष्णवर्णीय कामगारांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा १९४१ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातील नोकऱ्यांत वर्णभेद करू नये असा हुकूम काढला. त्यानंतर १९४३ पासून लँग्लीत कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रिया आल्या. पण त्यांना बसायला वेगळे दालन, वेगळे प्रसाधनगृह आणि जेवणघरात वेगळे टेबल! टेबलावर 'रंगीत कॉम्प्युटर' अशी पाटी. मिरियम मान नावाच्या बाईंनी ती पाटी उचलून पर्समध्ये टाकली. दुसरी पाटी आली, तीही गेली. शेवटी पाटी येणेच बंद झाले. वेगळ्या टेबलाचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगावा लागणार नाही.

डोरोथी व्हॉन या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई १९४३ साली तिथे आल्या आणि १९४९ साली त्या दालनाच्या प्रमुख झाल्या. यंत्रे आली तेव्हा आपली कामे जाणार हे त्यांनी ओळखले. रडत न बसता त्या फोरट्रान ही कम्प्युटरची भाषा शिकल्या आणि सहकारी स्त्रियांनाही त्यांनी ती शिकवली.

मेरी जॅक्सन १९५१ साली लागल्या. आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वारा सोडणाऱ्या बोगद्यावर त्या काम करू लागल्या. इंजिनियर व्हायचे तर संध्याकाळचे वरचे गणित शिकायला हवे होते आणि तो वर्ग गोऱ्यांच्या शाळेत भरत होता. त्या वर्गात बसण्यासाठी त्यांनी नगर प्रशासनाकडून खास परवानगी मिळवली. १९५८ साली त्या 'नासा'च्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री इंजिनियर झाल्या. आज वॉशिंग्टनमधल्या 'नासा'च्या मुख्य कचेरीला त्यांचे नाव आहे.

क्रिस्टीन डार्डन १९६७ साली हिशेबनीस म्हणून आल्या. आपल्याइतकेच शिकलेले पुरुष इंजिनियर म्हणून लागतात आणि बायका हिशेबाला का, असा सवाल त्यांनी वरिष्ठांना केला. त्यांची बदली इंजिनियरांत झाली. आवाजापेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या विमानाचा धमाका कसा कमी करावा, याचे कम्प्युटर प्रोग्रॅम त्यांनी लिहिले आणि १९८३ साली डॉक्टरेट मिळवली. हाताच्या हिशेबापासून यंत्राच्या हिशेबापर्यंतचा सारा प्रवास या तीन स्त्रियांच्या आयुष्यात दिसतो.

लढाऊ विमानाची अडचण

प्रवासी विमान सरळ रेषेत शांतपणे जाते. लढाऊ विमानाला झटक्यात वळायचे असते, नाक वर उचलायचे असते आणि पंखाखाली बॉम्ब व क्षेपणास्त्रे वाहायची असतात. शिवाय आवाजाचा वेग ओलांडायचा असतो. त्या वेगाजवळ हवेला बाजूला सरायला सवड मिळत नाही. ती दाटते, आघात-लहर तयार होते आणि विमानाला मागे ओढणारा जोर एकदम वाढतो.

अमेरिकेच्या वायएफ-१०२ या त्रिकोणी पंखांच्या विमानाचे पहिले उड्डाण १९५३ साली झाले. ते आवाजापेक्षा वेगवान व्हावे म्हणून बांधले होते, पण सरळ उड्डाणात ते तो वेग ओलांडीना! लँग्लीच्याच रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी इलाज दाखवला. जिथे पंख जोडले आहेत तिथे विमानाचे अंग कमरेसारखे आत घ्यायचे. तसे केले आणि १९५४ च्या डिसेंबरात सुधारलेल्या विमानाने आवाजाचा वेग ओलांडला. पण आधी विमान बांधा, मग चूक शोधा, हा खर्च कोणाला परवडतो? एकेक प्रतिकृती घडवायला आठवडे आणि महिने लागतात. कम्प्युटरवर मात्र आकार त्याच दिवशी बदलता येतो. १९८० च्या दशकात यंत्रे वेगवान झाली आणि संपूर्ण विमानाचा हिशेब करणे शक्य होऊ लागले.

बंगलोरचा हिशेब

त्याच दशकात भारताने स्वतःचे हलके लढाऊ विमान करायचे ठरवले. मिग-२१ विमाने म्हातारी होणार होती. त्यासाठी १९८४ साली बंगलोरला एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी ही संस्था स्थापन झाली. या विमानाला मागचे आडवे शेपूट नाही. पंख त्रिकोणी असून त्यांच्या पुढच्या कडेला दोन वेगळे उतार दिलेले. नाक उचलले की या कडेवरून हवेचे भोवरे सुटतात आणि पंखावरून वाहत जाऊन जास्तीची उचल देतात. इंजिन एकच, पण हवा दोन्ही बाजूंच्या तोंडांतून आत येते आणि पुढे एकत्र होते. भोवरा कुठे फुटेल? आत शिरलेली हवा इंजिनापर्यंत सारखी पोचेल का? हे प्रश्न कागदावर सुटणारे नव्हते.

आणि हिशेबाचे यंत्र? अतिवेगवान कम्प्युटर देताना अमेरिका हात आखडता घेत होती, कारण ते लष्करी कामाला लागतील हा संशय. हवामानाच्या कामासाठी एक क्रे कम्प्युटर मिळाला, तोही अटी घालून. बंगलोरच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीने मग दुसरी वाट धरली. संचालक होते हवेच्या शास्त्रातले थोर नाव, रोद्दम नरसिंह. तिथे यू. एन. सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर एकत्र जोडले. एकाने सगळे खण सोडवण्याऐवजी प्रत्येकाला काही खण वाटून द्यायचे आणि सीमेवरच्या नोंदी एकमेकांना कळवायच्या. रिचर्डसन यांचे सभागृहच ते, पण माणसांऐवजी यंत्रांचे! १९८६ साली उभ्या राहिलेल्या या यंत्राचे नाव 'फ्लोसॉल्व्हर', म्हणजे प्रवाह सोडवणारा. भारतातला तो पहिला समांतर कम्प्युटर. आपल्या पुण्यातल्या सी-डॅकचा 'परम ८०००' त्यानंतर १९९१ साली आला. फ्लोसॉल्व्हरच्या पुढच्या पिढ्यांवर पावसाळ्याच्या अंदाजाचेही गणित झाले.

कम्प्युटरवर चाळून निघालेले आकार बंगलोरच्याच वातबोगद्यात तपासायचे, असा क्रम. आमच्या भाषेत कम्प्युटर ही कच्ची वही, बोगदा हा पडताळा आणि आकाश हे ऑडिट. हे विमान मुद्दामच थोडे अस्थिर ठेवलेले आहे, म्हणजे ते चपळ वळते. त्याला सावरायचे काम विमानातला कम्प्युटर क्षणाक्षणाला करतो. कोणत्या वेगाला, कोणत्या कोनात हवा किती रेटील, याचे तक्ते त्याला आधी पुरवावे लागतात. ते तक्ते चुकले तर वैमानिकाच्या जिवावर बेतते. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि तिथे या कामासाठी गेलेल्या आपल्या माणसांना परतावे लागले. उरलेले काम इथे झाले.

४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल हे विमान घेऊन बंगलोरच्या आकाशात गेले आणि सुखरूप उतरले. २००३ साली त्याला 'तेजस' हे नाव मिळाले आणि २०१६ साली त्याची पहिली तुकडी वायुदलात उभी राहिली. उशीर फार झाला, त्यावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. पण पहिल्या उड्डाणापासून तेवीस वर्षे एकही तेजस पडले नाही. पहिला अपघात १२ मार्च २०२४ रोजी जैसलमेरजवळ झाला, त्यात वैमानिक वाचला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या हवाई प्रदर्शनात मात्र वैमानिकाचा जीव गेला. लढाऊ विमान म्हणजे हवेशिवाय इंजिन, इंधन, यंत्रणा आणि माणूस असे हजार धागे असतात. पण त्या आसनावर कुणाचा तरी मुलगा बसलेला असतो, हे हिशेब करणाऱ्याने विसरता कामा नये.

तेरीज जुळली म्हणून?

कॉमर्स शिकलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नव्हे! कचेरीत टेबल घेतले आणि ती रक्कम किरकोळ खर्चात टाकली, तरी तेरीज जुळतेच. चूक तशीच दडून राहते.

हवेच्या हिशेबातही हेच आहे. पत्र्यालगतच्या हवेत इतके बारीक भोवरे उठतात, की कोट्यवधी खण पाडले तरी ते खणांच्या जाळीतून निसटतात. म्हणून त्यांची नोंद ठोकताळ्याने करतात. आमच्याकडे जसे सस्पेन्स खाते, तसेच ते. ठोकताळा चुकला तर सगळे आकडे जुळूनही उत्तर चुकते.

१९९६ च्या मार्चमध्ये अमेरिकी नौदलाच्या एफ-१८ च्या नव्या मोठ्या आवृत्तीची उड्डाण-चाचणी चालली होती. वळण घेताना अचानक एक पंख खाली पडू लागला. एका पंखावरची हवा दुसऱ्याच्या आधी सुटत होती. बोगद्याने ते सांगितले नव्हते आणि कम्प्युटरनेही नाही. पंखाच्या घडीवरचे झाकण सच्छिद्र केल्यावर तो दोष आटोक्यात आला. मग नौदल आणि 'नासा' यांनी मिळून काही वर्षे त्याचा अभ्यास केला, तेव्हा ही चूक आधीच कशी ओळखावी हे कळू लागले. तात्पर्य, यंत्र कितीही वेगवान असो, त्याच्या उत्तरावर सही करण्यापूर्वी शंका घेणारे माणूस लागते.

हे ज्ञान कोणाच्या हाती?

कुणी म्हणेल, आपल्या पानावर युद्धाच्या विमानाचे कौतुक कशाला? आम्ही युद्धाचे गोडवे गात नाही. रिचर्डसन यांनी नोकरी सोडली ते आम्हाला वंदनीय वाटते. पण जी हवा पंखावरून वाहते त्याच हवेचा पाऊस होतो, तीच हवा गिरणीच्या धुराड्यातून आपल्या वस्तीवर येते. हृदयाच्या झडपेतून रक्त कसे वाहते हेही आज याच पद्धतीने मोजतात. हिशेबाची वही एकच आहे. तीत काय लिहायचे हे ठरवणाऱ्यांत आपण नसलो, तर ते दुसरेच कुणी आपल्यासाठी ठरवतील.

त्या मुलीला आम्ही हे सगळे दोन रविवारांत सांगितले. फळ्यावर नऊ खण काढून तिच्याकडून जमाखर्च करून घेतला. तिसऱ्या फेरीला आकडे जुळू लागले तेव्हा ती म्हणाली, "काका, यात तर नुसती बेरीज-वजाबाकीच आहे!" आम्ही म्हणालो, "बेरीज-वजाबाकीच, पोरी. पण खणात कोणती रक्कम भरायची हे सांगायला बारावीचे गणित लागते आणि त्याच्या पुढचेही."

तिच्या वडिलांना आम्ही मेरी जॅक्सन यांची गोष्ट सांगितली. एका वर्गात नुसते बसता यावे म्हणून परवानगी मागावी लागलेल्या बाईंची गोष्ट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे वर्ष तरी काढू द्या तिला सायन्सला. पुढचं पुढं बघू." एवढे झाले तरी आमच्या मते पुष्कळ झाले.

आमच्या वाचकांकडे एवढेच मागणे आहे. एका चाचणीच्या गुणांवरून मुलामुलींचे गणित सोडवू नका. आपल्या वस्तीत जो कुणी हिशेब जाणतो, मग तो कारकून असो की दुकानातला मुनीम, त्याने आठवड्यातला एक तास मुलांना द्यावा. आम्हाला विमान बांधता येणार नाही. पण बेरीज जुळत नाही म्हणून रात्र जागवण्याची सवय लावणे आमच्या हाती आहे.